रस्त्यावरून हिरवं दिसणारं शेत

"म्हैस सोडा म्हणा आत, तिचं तरी पोट भरन," सासूबाई माझ्या कानाशी पुटपुटल्या. आम्ही दोघी शेताच्या धुऱ्यावर भाकर खात होतो. मामाजींना ऐकू जाणार नाही एवढाच आवाज त्यांनी जन्मभर वापरलाय.

मामाजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, पेरणीबरोबरच साऱ्या कपाशीत युरिया टाकला. मी म्हटलं होतं, आधी निंदण होऊ द्या. ऐकतो कोण! वरच्या मुरमाड बरडीत पावसानं तो धुऊन नेला; तिथं गवत विरळ, कपाशी बरी. पण धाम नदीकडच्या काळ्या, भारी जमिनीनं युरिया धरून ठेवला, आणि कपाशी डोळे उघडायच्या आत केना, कुंजरू ही तणं जेवून मोकळी झाली. त्यांच्याखाली कपाशी पिवळी पडलेली. हा आठवडा निंदणाविना गेला, तर तीही गेली.

रस्ता मात्र नेमका काळ्या शेताला लागून. पवनारकडे जाणारे लोक थांबून म्हणतात, "काय हिरवंगार शेत बबनरावाचं!" मामाजी फुलतात. निंदायला बाया सांगू का, विचारलं की, "काऊन? जोरात हाये ना कपाशी." माझा नवरा अंकुश अशा वेळी आभाळ पाहतो.

त्या दुपारी मामाजींनी युरियाची आणखी एक बोरी धुऱ्यावर आणून टाकली. मी ताट ठेवलं आणि जाऊन बोरीवर बसले.

"ऊठ, मोहिनी."

"नाई उठत, मामाजी."

"अंकुश, तुह्या बायकोले सांग काही!"

"पाणी येईन वाटते," अंकुश म्हणाला.

शेजारच्या कवडूनं गाडी थांबवली. "वहिनी, सिंहासन भेटलं का?"

"तुमीबी या, जागा हाये."

"तूच सांग रे कवडू," मामाजी म्हणाले, "कशी हाये कपाशी?"

कवडूनं शेताकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, घसा साफ केला. "हिरवी हाये, काकाजी. लयच हिरवी."

मामाजी बोरीचा कान धरून ओढू लागले. मी उठले नाही. माझ्या वजनाचा संसाराला पहिल्यांदाच उपयोग होत होता.

सासूबाई उठल्या. लुगड्याला हात पुसत काळ्या शेतात शिरल्या, मूठभर हिरवं मुळासकट उपटलं आणि आणून मामाजींच्या हातात दिलं. कवडूलाच काय, रस्त्यापलीकडेही ऐकू जावं अशा आवाजात म्हणाल्या,

"अवो, हे कपाशी नाई. गवत हाये. अन् ते तुमीच पोसलं."