निर्मलाच्या गोष्टीतला बिबट्या

"वृषाली, ही गोष्ट हसण्यावारी नेऊ नगंस," जुन्नरच्या वाचनालयातल्या शीलाताईंनी कागद हातात देताना बजावलं होतं. "मी वाचली, लई कसंतरी झालं."

"निर्मलाची ना? अहो ताई, कॉलेजपासून ती असलंच अचाट लिहिते," म्हणत वृषालीनं कागद पिशवीत कोंबले आणि येडगावची एसटी पकडली.

स्वराजला पाळण्यात घालून ती वाचायला बसली. बिबट्यानं मान धरू नये म्हणून उसात जाताना बायका गळ्यात बाहेर टोकं असलेला खिळ्यांचा पट्टा बांधतात. गोष्टीतली सून तो घरातही काढेना. भाकरी थापताना पट्टा, झोपताना पट्टा. नणंदेनं खिळ्यांना ओली फडकी अडकवली. एकदा नवऱ्याच्या हाताला खिळे टोचले, तर अख्खं गाव शहाळी घेऊन हाताच्या समाचाराला आलं. वृषाली इतकी हसली की स्वराज दचकून उठला. शेवटी मात्र खिळे आतल्या बाजूनं वाढू लागतात, आणि सून पाहुण्यांना चहा देत राहते. हे तिला रुचलं नाही. उगीच ताणलंय, वाटलं.

तिनं निर्मलाला कळवलं, 'सुरुवात झकास. शेवट पटला नाही. आणि बिबट्या येतच नाही की गं!'

'तुला दिसला नाय?' निर्मलानं विचारलं.

वृषालीनं हसरे चेहरे पाठवले.

त्यानंतर बारा दिवस निर्मलाचा फोन बंद. काल तिच्या नवऱ्याला, मच्छिंद्रला लावला.

"घसा बसलाय तिचा, वैनी. बोलायचं नाय म्हणलाय डॉक्टर. माझ्याच हाताला पट्टी बांधलीय बघा, काय सांगू."

वृषालीनं कागद पुन्हा काढले. बिबट्याच्या धास्तीनं दिवसातून दहादा फाटकाची कडी बघणारी ती. पण नवऱ्याचा हात त्या पट्ट्यापर्यंत गेलाच कशाला, एवढं साधं तिला विचारावंसं वाटलं नव्हतं.

स्वराज तापानं फणफणलेला, त्याला सोडून खोडदला निर्मलाच्या घरी जाता येईना. दुपारी तिनं बायकांच्या वाचनगटावर अभिप्राय टाकला:

'गोष्ट चांगली आहे, मी वाईट वाचली. शेवट मुळीच ताणलेला नाही. खोडदजवळ कुणी असाल तर उजेड आहे तोवर निर्मलाकडे जा. एकटीनं नको, दोघीतिघी जा. विरजण मागायला आलोय म्हणा, काहीही म्हणा. पण तिला डोळ्यांनी बघितल्याशिवाय माघारी फिरू नका.'