परका टाका

"हा टाका आपल्या घरचा नाही," मी म्हणाले.

ह्यांनी सुरी तशीच वर धरली. ताटात रोस्ट वाफाळत होता, वरची चरबी चौकटी-चौकटींनी फुलून तांबूस झाली होती, आणि मी त्याच्या पोटाकडे बोट दाखवत बसले होते.

"जेवायला बसलीयस की गिऱ्हाइकाचा कोट तपासायला?" हे म्हणाले.

"आई असा टाका घालतात का? बघा तरी. हा पोत्याचा टाका आहे."

सासूबाई समोरच होत्या. त्यांनी मान खाली घालून पाव मोडला. "शिजलंय ना नीट? मग झालं," एवढंच म्हणाल्या.

या गोष्टीला साठ वर्षं होत आली. पण तो टाका मला अजून दिसतो.

आमचं घर शिंप्याचं. पुढे दुकान, मागे दोन खोल्या. रविवारसाठी डुकराच्या खांद्याचं मांस यायचं. आदल्या रात्री सासूबाई त्याला लसूण, मिरी, मोहरी आणि शिरका चोळून मुरत ठेवायच्या. सकाळी ते पुस्तकासारखं उघडायचं, आत शिळ्या पावाचा चुरा, कांदा, सफरचंद आणि मनुक्यांचं सारण भरायचं आणि गुंडाळी करायची. लोक ती दोऱ्यानं बांधतात. आमच्याकडे ती शिवली जायची, जाड दोऱ्यानं, एकसारख्या अंतराच्या अकरा टाक्यांनी. दुसऱ्या कुणी शिवलेलं सासूबाईंना चालत नसे. डोळे अधू झाले म्हणून ह्यांनी त्यांना दुकानातल्या यंत्रावरून उठवलं होतं, मग कात्री काढून घेतली, मग काज-बटणंही. आठवड्यात त्यांच्या हाताला सुई लागायची ती या एका कामापुरती.

ओव्हन तेव्हा कुणाच्याच घरी नव्हता. रविवारी बेकरीतले पाव निघाले की भट्टीची धग उतरेपर्यंत गल्लीतल्या घरांची ताटं आत जायची. ते काम भट्टीकाकूंचं. रुंद हाडाची, कमी बोलणारी बाई. ताटांच्या कडा लागून लागून दोन्ही हातांवर कोपरापर्यंत डागांच्या आडव्या रेघा. कुणाचं ताट मागे, कुणाचं तोंडाशी, कुणात कपभर पाणी घालायचं, सगळं त्यांच्या डोक्यात. आठवडाभर त्या तिथेच पिठाच्या गोण्या उसवायच्या, रिकाम्या झाडून शिवून ठेवायच्या. म्हणून तर पोत्याचा टाका पाहिल्याबरोबर माझ्या मनात त्याच आल्या.

पुढच्या रविवारी मी टाके मोजून ताट दिलं. अकरा. परत आले ते तेरा, सैल, वाकडे. कापल्यावर सारणही मूठभर कमी वाटलं. त्याच्या पुढच्या रविवारी तेच. आता मला झोप लागेना. बाई एकटी आहे, तिला घरी कोण करून घालतंय, मनुके वेचून खात असेल. किंवा आमचं मुरवण काय असतं ते शोधत असेल, उद्या स्वतःच विकायला बसेल. ताट हातात घेताना ती अंगठ्यानं गुंडाळी दाबून बघायची, तेही मला डाचायला लागलं. दुसऱ्या कुणाचं ताट अशी दाबत नव्हती.

"आई, तुम्ही काही बोलत का नाही? तुमचं शिवलेलं उसवतात," मी विचारलं.

"भट्टीत ताणानं तुटत असेल दोरा. ती बिचारी पुन्हा घालत असेल."

"तुमचा दोरा तुटेल?"

मला वाटलं, सासूबाई फार भोळ्या.

चौथ्या रविवारी मी रांगेतच तोंड उघडलं. पंधरा-सोळा बायका होत्या, मालक गल्ल्यावर होता.

"काकू, आमचा रोस्ट कोण उसवतं?"

त्यांनी हातातलं ताट खाली ठेवलं. "मी."

"का?"

"सारण बघायला."

"बघायला की चाखायला?"

रांग हसली. माझ्या मागची कंपाउंडरीण म्हणाली, "तरीच. आमच्या ताटातला बटाटा दर खेपेला कमी भरतो. मी मेली आमच्या ह्यांच्यावर संशय घेत होते."

मालक उठून आला. "बाई, गिऱ्हाइकाचं ताट उघडायचं नाही. हे मी सांगायला हवं का?"

"चुकलं. पुन्हा नाही उघडणार."

"पुन्हा अशी तक्रार आली तर रविवारची भट्टी माझा मेव्हणा बघेल. आठवडाभराचं कामही मग बघू."

काकूंनी मान हलवली. माझं ताट घेतलं, या वेळी अंगठा लावला नाही. फक्त म्हणाल्या, "शिंपीणबाई, आज कापाल तेव्हा तुम्हीच कापा. सावकाश."

चोर तो चोर, वर मलाच शिकवतेय, असं वाटलं मला. दुपारी ताट आणलं. अकरा टाके, जसेच्या तसे. मी घरात शिरतानाच जिंकल्यासारखी बोलत होते. पण तिचं ते "सावकाश" डोक्यातून जाईना. काही घातलं तर नसेल आत? ह्यांच्या हातून मी सुरी घेतली.

"आज मी कापते."

तिसऱ्या कापाला सुरी अडली. हाड नव्हतं. मी टोकानं सारण बाजूला केलं. सारणाच्या मधोमध सुई होती, धगीनं काळी पडलेली, नेढ्यात जळक्या दोऱ्याचं टोक.

सासूबाई यंत्रावर होत्या तेव्हा हातातलं काम थांबवायचं झालं की सुई त्याच कापडात टोचून ठेवायच्या. शिंप्याची सवय ती, मीही तेच करते. मांस शिवता शिवता त्यांनी सुई सारणात टोचली असणार, विसरल्या असणार, आणि दुसरी घेऊन शिवण पुरी केली असणार. आणि मी ती ह्यांच्या घशात घालायला निघाले होते.

"मऊ झालंय ना गं?" सासूबाईंनी विचारलं. त्या माझ्या हाताकडे बघत होत्या. त्यांना केवढं दिसत होतं, मला कधीच कळलं नाही.

"लोण्यासारखं," मी म्हटलं आणि सुई मुठीत घेऊन एप्रनच्या खिशात टाकली.

ह्यांना सांगितलं असतं तर त्या दिवसापासून सासूबाईंना स्वयंपाकघरात पाऊल टाकू दिलं नसतं. ह्यांचं चुकलंही नसतं.

सोमवारी मी बेकरीच्या मागच्या दारानं गेले. काकू गोण्या झटकत होत्या. मी सुई पुढे धरली.

"चौथी," त्या म्हणाल्या. "पहिली माझ्या अंगठ्याला लागली, म्हणून कळलं."

"मला का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर तुम्ही काय केलं असतंत?"

मी सुई पुन्हा मुठीत घेतली.

"काल सगळ्यांसमोर तरी सांगायचं. तुमच्या पोटावर पाय येत होता."

"कंपाउंडरीण होती ना रांगेत. संध्याकाळपर्यंत गावभर झालं असतं, शिंप्याची म्हातारी चळली म्हणून." त्यांनी गोणी खांद्यावर टाकली. "माझ्या सासूच्या हातातलं काम मी काढून घेतलं होतं. चांगल्यासाठीच. सहा महिने नाही काढले तिनं. सरका, पीठ उडेल अंगावर."

पुढच्या रविवारी रांग भरेपर्यंत मी थांबले. मग मालकाला ऐकू जाईल असं म्हटलं, "काकू, मागच्या वेळी माझंच चुकलं. सारणात मीठ आहे का बघा, असं मीच तुम्हाला सांगून ठेवलं होतं. साफ विसरले. आजही उघडून बघा."

"महिनाभर विसरलीस?" कंपाउंडरीण म्हणाली. "शिंपिणी, एक टाका तोंडालाही घाल."

सगळ्या हसल्या. मालक म्हणाला, "घरचा घोळ घरात निस्तरत जा, बाई," आणि पुन्हा गल्ल्यावर जाऊन बसला. काकूंचं काम राहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. ताट घेतलं, अंगठ्यानं दाबलं, आणि म्हणाल्या, "साडेबाराला या."

सासूबाई त्यानंतर तीन वर्षं रोस्ट शिवत राहिल्या. टाके तेरा येत, आम्ही मुकाट खात होतो.

पण गल्लीचं मन एकदा फिरलं ते फिरलं. त्याच रविवारी साडेबाराला मी ताट आणायला गेले तर भट्टीत नेहमीच्या निम्मीच ताटं होती, आणि त्यांतल्या नऊ ताटांच्या झाकणांना घरूनच तारा आवळून आणल्या होत्या, पिळे मारून. फडकं धरावं तर तारेत अडकून फाटत होतं. काकूंनी ते बाजूला ठेवलं. तापलेल्या तारा उघड्या बोटांनी धरून त्यांनी एकेक ताट बाहेर काढलं, आणि ज्याचं त्याला, नाव न चुकता, हातात दिलं.