धूरबाबाची सळई

"बोललं! पाप बोललं!" लोखंडी सळई उपसत धूरबाबा ओरडला आणि जमिनीतून धुराची रेघ वर आली. गर्दी दचकून मागे सरली. वणव्यानं अर्धं गाव खाल्लं होतं आणि उरलेलं अर्धं आता बाबाच्या मागे फिरत होतं. ज्याच्या दारात धूर निघेल त्याच्या पापानं जंगल पेटलं, असा बाबाचा न्याय. आज धूर निघाला होता पाववाल्या काकूंच्या दारात.

"संध्याकाळच्या आत गाव सोड! आणि खबरदार, कुणी पाणी ओतलं तर. पाप जळू द्या!"

काकूंना रडू आलं नाही. खरं सांगायचं तर हायसंच वाटलं. वणव्याच्या सकाळी त्यांनी भट्टीतली राख कुंपणापाशी टाकली होती. ती पुरती विझली होती की नाही, या विचारानं त्यांना घास गोड लागत नव्हता. आता निदान कुणीतरी शिक्षा तरी दिली. त्या गाठोडं बांधायला आत वळल्या.

"काकू, थांबा." डॉक्टरीणबाई गर्दीतून पुढे आल्या. "काय हो बाबा, लंगडताय का? तळपाय दाखवा बघू."

"महाराजांचे पाय बघायचे नसतात!" बाबा गुरकावला.

"सगळं गाव पाया पडतं ते चालतं, मग मलाच का लाजता?"

लोक हसले. सुतारानं बाबाला धरून ओट्यावर बसवलं. तळव्यांवर टरारून फोड आले होते.

"अनवाणी फिरतो तो चटका शोधायला," बाई म्हणाल्या. त्यांनी कुदळ घेऊन धुराची जागा खणली. खाली मनगटाएवढं मूळ लालबुंद धुमसत होतं. "झाड वर जळून गेलं, मूळ अजून जळतंय. जमीन तापलेली लागली की हा सळई खुपसतो, धुराला वाट मिळते. आणि वर म्हणतो पाणी ओतू नका! वारा सुटला तर राहिलेलं गावही जाईल. अहो, जरा खणून बघायचं तरी!"

बाबानं सळई पाठीमागे लपवली.

"म्हणजे काकूंचा काही दोष नाही!" सुतार म्हणाला.

काकूंनी मुळावर पाण्याची बादली उपडी केली. चर्र आवाज झाला.

"ते मला ठाऊक नाही," त्या म्हणाल्या. "त्या सकाळी मी भट्टीची राख कुंपणापाशी टाकली होती. वनखात्याची चौकशी चालू आहे, त्यांना आजच जागा दाखवते. चूक माझी असेल तर तपासून ठरू दे. धुराला विचारून नको."

काकूंनी दुसरी बादली भरली आणि त्या शेजारणीच्या अंगणातली जमीन हातानं चाचपायला निघाल्या.