बाजारातली गोळी

"गोळी कोणी दिली होती, आजी?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

कुंताबाईंनी सुजलेला गुडघा लुगड्याखाली झाकून घेतला. शेजारी तृप्ती उभी होती. ती नाकाडोंगरी गावची आशा ताई, म्हणजे आरोग्य कार्यकर्ती. गावातल्या बायांना दवाखान्यात आणणं तिचं कामच. पण आज बसमध्ये ती मुद्दाम लांबच्या बाकावर बसली होती. मोहफुलं वेचताना अस्वलानं तिच्या आईचा, पार्वताबाईंचा जीव घेतला, तो या कुंताबाईंमुळं, असं ती मानत होती. ती कशाला, सारा गावच मानत होता.

मोह वेचायला बाया अंधार फिटता फिटता रानात जातात. जिचं झाड तिची टोपली त्याच्याखाली. मध्ये झुडपं, एकमेकींचं तोंड दिसत नाही. म्हणून थोड्या थोड्या वेळानं हाक द्यायची, "आहेस काय वो?" दुसरीनं म्हणायचं, "आहो!" उत्तर आलं नाही तर हातचं टाकून धावायचं. कुंताबाई आणि पार्वताबाई एकाच साली लग्न होऊन गावात आलेल्या. त्यांची ही हाक कधी चुकली नव्हती.

त्या दिवशी मात्र चुकली. गुडघे इतके धरले होते की कुंताबाई घरीच राहणार होत्या. पार्वताबाईंनी पदराची गाठ सोडून एक गोळी त्यांच्या हातावर ठेवली. "घे वो. तृप्तीनं माह्या कंबरेसाठी तुमसरहून आनल्या. सूज उतरते. तू नसली तं मले करमत नाही रानात."

गुडघे खरंच हलके झाले. पण टोपली अर्धी होते न होते तोच डोकं जड झालं. हात फुलाकडं जायचा आणि माती उचलून आणायचा. जरा टेकावं म्हणून त्या खोडाला टेकल्या. जाग आली ती पार्वताबाईंच्या किंकाळीनं. उत्तर येईना म्हणून त्या मैत्रिणीला शोधायला झुडपात शिरल्या होत्या.

गोळीनं गुंगी आली, असं कुंताबाईंनी नंतर एकदा सांगून पाहिलं. "दुखन्याच्या गोळीनं झोप येते काय कोनाले?" बाया म्हणाल्या. गोळी कुणाची, हे विचारण्याइतकाही कुणी विश्वास ठेवला नाही. कामात झोपली आणि मैत्रीण घालवली, एवढंच त्यांच्या नावावर राहिलं.

आणि आज तीच हकिकत ऐकून डॉक्टरीणबाई सांगत होत्या, "सूज उतरवणाऱ्या गोळ्यांनी काही जणांना चक्कर येते, गुंगी येते, हातापायांवर ताबा राहत नाही. सगळ्यांना होत नाही, पण वय झालं की जास्त जपावं लागतं. तृप्ती, आजी खोटं सांगत नव्हत्या."

कुंताबाईंना रडू कोसळलं. शेवटी कुणीतरी खरं मानलं होतं.

तृप्तीचा चेहरा पार उतरला. "मंग सांगा ना मावशी, कोनं देल्ली? मी सोडत नाही त्याले."

कुंताबाई तिच्याकडं बघत राहिल्या. नाक पार्वताचं, हनुवटी पार्वताची. खरं सांगितलं तर गावाची तोंडं बंद होतील. पण ही पोरगी? आईच्या कंबरेसाठी मायेनं आणलेल्या गोळ्या होत्या त्या. कळलं तर ती जन्मभर स्वतःलाच खात बसेल.

"कोनंच नाही देल्ली, बाई," त्या म्हणाल्या. "बाजारात एक मानूस इकत होता. मीच घेतली."

"कोनाले न इचारता?"

"हो."

"आपल्या मनानं गोळी खाल्ली तुम्ही, अन् माही माय गेली!"

"हो बाई. चुकलंच माहं."

तृप्ती तिथून निघूनच गेली. कुंताबाई एकट्याच बसनं परतल्या.

तेव्हापासून तृप्ती बायांच्या प्रत्येक बैठकीत हे सांगते. दुखण्याची गोळी आपल्या मनानं खाऊ नका, खाऊन रानात जाऊ नका, हाती विळा घेऊ नका. तिला ते फार पोटतिडकीनं सांगता येतं. शेवटी ती बोट दाखवते. "या कुंतामावशीनं बाजारातली गोळी खाल्ली. माही माय गेली."

साऱ्या बाया वळून बघतात. कुंताबाई एकही बैठक चुकवत नाहीत. गुडघे धरून पुढंच बसतात, आणि तृप्तीनं बोट दाखवलं की मान हलवतात. "खरं सांगते पोरगी," म्हणतात.