नसलेल्या हाताचं दुखणं

वरकुट्याच्या सारजाला चौकशीची भारी हौस. एसटीत शेजारी बसलेल्या बाईचं माहेर, सासर, लेकरं, शेरडं सगळं तिला पुढचा थांबा येईस्तोवर ठाऊक झालेलं असायचं. पण ऊस वाहायच्या ट्रॉलीवरून उतरताना ती पाठीवर पडली आणि तिथून तिचं बोलणंच आटलं. हाड मोडलं नव्हतं. सूज उतरली, काळानिळा डाग गेला, दुखणं तेवढं राहिलं. कमरेपासून डाव्या टाचेपर्यंत कुणी तापलेली तार ओढत न्यावी तसं व्हायचं. बसलं तरी आणि उभं राहिलं तरी. तीन वर्षं झाली या गोष्टीला.

तिचा नवरा बिरू माणूस वाईट नव्हता. त्याच्या बापानं मेंढरं राखली, बिरू शेती करायचा आणि दारात चार शेरडं बाळगायचा. सारजाला मोटरसायकलवर बसवून तो सगळ्या डॉक्टरांकडं फिरला होता. शेवटी मोठ्या मशीनमध्ये घालून पाठीचा फोटो काढला. रिपोर्ट नॉर्मल.

"एवढ्या मोठ्या मशीननं बघितलं, काय न्हाय म्हणत्यात," बिरू म्हणाला. "मग न्हाय."

त्याच्या लेखी विषय तिथं मिटला. सारजाच्या लेखी मिटला नाही, पण तिच्याही मनात पाल चुकचुकायला लागली. शेळीची धार काढताना कळ आली, की ती स्वतःलाच विचारायची, खरंच दुखतंय का, का मलाच तसं वाटतंय?

तिची सून रोहिणी बारामतीला कपड्यांच्या कारखान्यात शिलाईला जायची. तिथल्या एका बाईकडून तिला कळलं, की बारामतीतल्या एका दवाखान्यात दर बुधवारी दुपारी जुनाट दुखण्याची माणसं एकत्र बसतात. वृषाली मॅडम म्हणून व्यायाम शिकवणाऱ्या डॉक्टर आहेत, त्या हे चालवतात.

"बसून काय करत्यात?" सारजानं विचारलं.

"बोलत्यात म्हणं, आत्या. आन थोडा व्यायाम."

"बोलून दुखणं जातं व्हय?"

"ते तुमीच बघून या."

सारजाला बघून यायला कधी कंटाळा नव्हता. बुधवारी रोहिणीनं अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि सासूला घेऊन गेली. दवाखान्याच्या मागच्या खोलीत सात-आठ माणसं गोल करून बसली होती. कुणी खुर्चीवर, कुणी सतरंजीवर, एकजण भिंतीला टेकून उभाच. वृषाली मॅडम तिशीच्या आतबाहेरच्या, चष्मा लावलेल्या. त्यांनी सारजाला कसं बसणं सोसतं ते विचारलं आणि पाठीमागं उशी दिली.

सारजाची नजर मात्र समोरच्या माणसावर खिळली होती. पांढरीशुभ्र टोपी, कडक इस्त्रीचा सदरा, आणि सदऱ्याची डावी बाही कोपराखाली रिकामी. ते कन्हेरीचे आप्पासाहेब. घरचा बक्कळ ऊस. कडब्याची कुट्टी करताना मशीनमध्ये हात गेला होता.

"आप्पासाहेब, या आठवड्यात कसं होतं?" मॅडमनी विचारलं.

"बोटं लई दुखली," आप्पासाहेब म्हणाले. "मूठ वळलेली ती सुटंचना. नखं तळव्यात रुतत्यात."

सारजानं त्यांच्या उजव्या हाताकडं पाहिलं. तो तर मोकळा मांडीवर पडला होता. तिनं रोहिणीकडं पाहिलं, रोहिणीनं खांदे उडवले. मग तिच्यानं राहवलं नाही.

"कुठल्या हाताची बोटं?"

रोहिणीनं सासूचा पदर हळूच ओढला. आप्पासाहेबांनी मात्र राग मानला नाही.

"डाव्या."

"आवं, पर तो हात न्हाय की."

"न्हाय. पर दुखतो."

"कसा दुखतो?"

आप्पासाहेब थोडं पुढं झुकले. हा प्रश्न त्यांना आवडला असावा. "समजा, तुमी मूठ आवळली. घट्ट. आन कुणी सांगितलं, आता ही सोडायची न्हाय. सकाळधरनं संध्याकाळपतूर. तसं. सुरवातीला म्या घरात सांगितलंच न्हाय. लोकं म्हणतील, म्हाताऱ्याला येड लागलं."

सारजाच्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. हात नाही, तरी हाताला कळ येते. मग माझी तर पाठ जागेवर आहे.

"मॅडम," ती चाचरत म्हणाली, "माजा रिपोर्ट नॉर्मल हाय."

"बरं. आणि दुखतंय?"

"दुखतंय."

"मग दोन्ही खरं आहे," मॅडम म्हणाल्या. "जखम भरली तरी काही वेळा नसा धोक्याचा निरोप पाठवतच राहतात आणि मेंदू तो ऐकत राहतो. नस चिडलीय हे फोटोत दिसेलच असं नाही. दिसलं नाही म्हणून दुखणं खोटं ठरत नाही."

सारजाचे डोळे भरून आले. पण तेवढ्यात मॅडमनी एक उभा आरसा आणून आप्पासाहेबांच्या पुढं टेबलावर ठेवला, आणि रडण्यापेक्षा ते बघणं तिला जास्त गरजेचं वाटलं. आप्पासाहेबांनी तुटका हात आरशाच्या मागं लपवला, उजवा आरशासमोर धरला. आरशात उजवा हात डाव्यासारखा दिसायला लागला. त्यांनी मूठ वळली आणि हळूहळू उघडली. पुन्हा वळली, पुन्हा उघडली. त्यांचा चेहरा सैलावत गेला.

"सुटली?" सारजानं कुजबुजत विचारलं.

"सुटतीया."

"ऱ्हाती का मग सुटलेली?"

"थोडा वेळ. परत वळती. मग परत आरसा."

घरी आल्यावर तिनं बिरूला सगळं सांगितलं. तो शेरडांना पाला टाकत ऐकत होता. मग म्हणाला, "त्यो बाम कुठं लावत आसंल?"

सारजा थबकली. हे तिनं विचारलंच नव्हतं.

पुढच्या बुधवारी तिनं पहिल्यांदा तेच विचारलं. आप्पासाहेब जरा ओशाळले. "उशीवर हात जिथं आला आसता, तितं लावला होता एकदा. घरच्यांनी बघितलं, हसली. मग मीबी हसलो." सगळी खोली हसली. भिंतीला टेकून उभा असणाराही हसला. त्या दिवशी सारजानं आपलं दुखणं पहिल्यांदा सगळ्यांपुढं नीट सांगितलं. वाकण्याच्या दोन रीतींची तालीम केली आणि काम एकदम न उरकता मधे टेकायचं, हे शिकली.

उशीची हकिगत ऐकून बिरूला चैन पडेना. त्यानंतरच्या बुधवारी तो स्वतःच मोटरसायकल काढून तयार झाला. "बघून तर येऊ," म्हणाला. आरसा, मूठ, सगळं त्यानं डोळे ताणून पाहिलं. आप्पासाहेबांशी ऊस-पाण्याच्याही गप्पा मारल्या. येताना इंदापूरच्या रस्त्याला लागल्यावर त्यानं गाडी एका बाभळीखाली थांबवली.

"तुला उतरून पाय मोकळं करायचं आसतील," तो म्हणाला. आणि ती उतरल्यावर हँडलकडं बघत विचारलं, "तुजं कसं दुखतं गं?"

सारजानं सांगितलं. तारेसारखं. कुठून निघतं, कुठं थांबतं. धार काढताना कसं, भाकरी थापताना कसं, त्याच्या मागं गाडीवर बसल्यावर खड्डा आला की कसं. बिरू मधे मधे विचारत होता. "सकाळी जास्ती का संध्याकाळी?" "गार पाण्यानं वाढतं का?" तिला वाटलं होतं हे सांगून दोन मिनिटांत संपेल. मागून येणारी एसटी निघून गेली तरी दोघं तिथंच उभी होती.

नंतर बिरूनं विटा रचून शेरडांसाठी कमरेइतका ओटा बांधला. शेळी वर चढते आणि सारजा उभ्यानं धार काढते. पहिल्या दिवशी काळी शेळी चढायला तयार नव्हती, तिला दोघांनी ढकलून चढवलं.

दुखणं गेलेलं नाही. थंडीत तर फार छळतं, आणि काही दिवस सारजा अंथरुणातून उठत नाही. तेव्हा रोहिणी कामावर जाण्याआधी भाकऱ्या करून ठेवते आणि बिरू धार काढतो. त्याला काही ते नीट जमत नाही.