काळ्या पानांचं रोप

ताईच्या नवऱ्याचा, म्हणजे भाऊजींचा फोन आला तेव्हा मिरचीबाईच्या हातात रोगाचं पाणी भरलेलं भांडं होतं. मूळकुजीची बुरशी मुद्दाम वाढवून त्या सकाळीच तिने ती पाण्यात कालवली होती. लगेच रोपांच्या बुडाशी ओतली नाही तर तिचा जोर ओसरतो.

"ताई गेली," भाऊजी म्हणाले.

"बरं," ती म्हणाली. फोन टेबलावर ठेवला आणि उरलेल्या ट्रेंकडे वळली. एकही रोप सुटू दिलं नाही. मग हात धुतले, बस पकडली. पोचली तेव्हा सगळं आटोपलं होतं. कुणी तिला काही बोललं नाही. तिलाही काही वाटलं नाही, आणि वाटत नाही याचंही काही वाटलं नाही.

मिरचीबाई हे नाव काचघरातल्या सहकाऱ्यांनी ठेवलेलं. ती शोभेच्या मिरच्यांची नवी वाणं तयार करायची. खिडकीतल्या कुंडीत शोभतील अशी ठेंगणी झाडं, त्यांवर आभाळाकडे तोंड करून लागलेल्या जांभळ्या, पिवळ्या, लाल मिरच्या. दिसायला राण्या, पण प्रकृती तोळामासा. मूळकुजीतून वाचलेलं रोप भुरीने पांढरं पडायचं, भुरीतून वाचलेलं विषाणूने आकसायचं. या सगळ्यांना पुरून उरेल असं रोप तिला हवं होतं. म्हणून ती स्वतःच रोग लावायची, मरतील ती मरू द्यायची आणि उरलेल्यांना पुढचा रोग लावायची.

ताई गेल्यावरही ती रोज कामावर आली. जेवत होती, झोपत होती, केस विंचरत होती.

"थोडी रजा घ्या," साहेब म्हणाले.

"घेऊन काय करू?" तिने विचारलं. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. साहेबांनी चष्मा पुसला आणि ते निघून गेले. ट्रेमधली रोपं बुडाशी काळी पडून एकेक मान टाकत होती.

मग एका रविवारी भाऊजी न सांगता काचघराच्या दारात उभे. कपडे शिवण्यात आयुष्य गेलेला, मोजकं बोलणारा माणूस. दाढी वाढली होती.

"घरी बसवत नाही," ते म्हणाले. "काही काम असेल तर दे."

तिने त्यांना हातमोजे दिले. "मेलेली उपटा आणि या पिशवीत टाका."

ते एका टोकाला लागले, ती दुसऱ्या. शिंप्याचीच बोटं ती, उपटताना मातीचा कण सांडत नव्हता. मग त्यांनी संपवलेल्या एका ट्रेपाशी ती आली आणि थबकली. कोपऱ्यातला खण रिकामा होता. त्या ट्रेमध्ये तेवढं एकच रोप तगलं होतं.

"इथलं कुठे गेलं?"

"काळं पडलं होतं. उपटलं."

"काळंच असतं ते! पानंच काळी आहेत त्याची!" तिचा आवाज काचांवर आदळला. "डोळे आहेत का बटणं? विचारायचं तरी!"

भाऊजी हातमोज्यांतले हात तसेच पुढे धरून उभे राहिले.

"तू विचारलंस?" ते म्हणाले. "एका शब्दाने तरी विचारलंस, ताई कशी गेली म्हणून?"

तिने पिशवी फरशीवर उलटी केली, खाली बसली आणि मेलेल्या रोपांच्या ढिगात चाचपू लागली.

"सांगा," ती म्हणाली.

"पंखा कमी करा म्हणाली. उठलो, कमी केला. एवढा बास का, विचारलं, तर गप्प. वाटलं, रुसली. सकाळी थोडं वाजलं होतं आमचं. मग मी मशीनवर बसलो. एक झगा शिवून पुरा केला. तिच्याशी बोलत होतो मधूनमधून."

रोप सापडलं. मुळं अजून पांढरी होती, एक तेवढं तुटलं होतं. तिने कुंडीत ताजी माती घेतली. भाऊजींनी रोप सरळ धरलं, तिने भोवती माती दाबली. 

"जगेल?"

"माहीत नाही."

जगलं. बरेच दिवस कोमेजून राहिलं, मग शेंड्याला नवं पान फुटलं. पुढे भुरी झाली, विषाणू झाला, त्याने दाद दिली नाही. मिरच्या मात्र बारक्या आणि मळकट. "उंदराच्या लेंड्या," साहेब म्हणाले. बाजारात न्यावं असं ते नव्हतंच. पण तिने ते ठेवलं, आणि एका देखण्या, नाजूक वाणाशी त्याचा संकर केला. रूप दुसऱ्याकडून आणता येतं.

त्या संकराची रोपं वर आली तोवर भाऊजी दर रविवारी यायला लागले होते. आता उपटण्याआधी ते प्रत्येक रोप बोटाने दाखवत आणि ती मान हलवेपर्यंत थांबत. असंच काम चालू असताना तिने विचारलं, "त्या सकाळी कशावरून वाजलं होतं तुमचं?"

भाऊजींनी बराच वेळ आठवून पाहिलं.

"नाही आठवत गं," ते म्हणाले, आणि पुढचा ट्रे जवळ ओढला.