बाहीखालचे डाग

सारिकाच्या डाव्या नडगीवर अकरा लाल ठिपके होते, प्रत्येक खसखशीच्या दाण्याएवढा. डासाचा चावा बोटाने दाबला की क्षणभर फिका पडतो. हे पडत नव्हते. बुलढाण्याच्या डॉक्टरीणबाईंनीही तेच करून पाहिले, मग रक्ताचा रिपोर्ट पुढे ओढला. प्लेटलेट्स बावीस हजार. दीड लाखाच्या वर हव्यात.

"काऊन झालं असंन, मॅडम?"

बाई सावकाश सांगत गेल्या. या रक्त थांबवणाऱ्या पेशी. शरीराचे राखणदार कधी चुकतात, आपल्याच पेशींना परकं समजून मारतात. एखाद्या तापानंतर असं होतं, एखाद्या औषधानं होतं. पुष्कळदा कारण सापडतच नाही. गोळ्यांनी बहुतेकांना उतार पडतो. मग त्यांनी विचारले, काही न लागता निळे डाग पहिल्यांदा कधी उठले?

तीन वर्षांपूर्वी, सासरी वडनेरला, तापातून उठल्यावर. सारिकाने एवढेच सांगितले.

त्या एप्रिलमध्ये भीमजयंतीला भाऊ दीपक तिच्या सासरी आला होता. भांडी घासताना तिची बाही वर सरकली आणि दंडावरचे डाग त्याला दिसले. दुसऱ्या दिवशी विहारात बैठक बसली. संघपालने, तिच्या नवऱ्याने, मारलं का? ती म्हणाली, नाही. मग हे कशानं? ते तिलाही ठाऊक नव्हते. म्हातारे माणिकराव म्हणाले, "सगळ्याच बाया नाही म्हणतात, माय." पुन्हा विचारल्यावर ती गप्प राहिली. संघपाल तिच्याकडे पाहत होता. त्या दिवसापासून रविवारची वंदना सांगायचा त्याचा मान गेला, आणि दीपक तिला चिखलीला घेऊन आला.

सहा महिन्यांनी, भावाच्या त्या घरात, जिथे तिच्याशी कोणी चढ्या आवाजात बोलतही नव्हते, दंडावर पुन्हा तसाच डाग उठला. हे डाग आपोआपच उठतात, हे तिला तेव्हाच कळले. पण दीपक तिच्यासाठी साऱ्या गावासमोर भांडला होता. आता कोणत्या तोंडाने सांगणार? तिने बाह्या मनगटापर्यंत शिवून घेतल्या आणि मशीनवर मान खाली घालून लोकांचे कपडे शिवत राहिली. संघपालचा फोन दोनदा आला. तिने तो वाजू दिला.

दवाखान्याबाहेर दीपक गोळ्यांची पिशवी घेऊन उभा होता.

"अर्धा तास बसोलं तुले. त्या बाईले गप्पा माराले दुसरं कोणी भेटलं नाही वाटते."

स्टँडवर चिखलीची गाडी लागली होती. त्याने खिडकीतून रुमाल टाकून दोन जागा धरल्या आणि तिला चढायची खूण केली. सारिका खालीच थांबली. तिने उजवी बाही कोपराच्या वर दुमडली. परवाचा डाग होता, मधे निळा, कडेने पिवळट.

"कुठं लागलं?"

"कुठंच नाही." ती डागाकडे पाहत राहिली, मग त्याच्याकडे. "दादा, हा तुह्या घरातला डाग हाय. तवाचाही असाच होता. उद्या रविवार हाय, मले वडनेरले ने. संघपालनं मले कधीच मारलं नाही, हे विहारात सगळ्यायसमोर सांगायचं हाय मले."